जुनं युरोपियन पेन हाती आलं? या चुका टाळा

जुनं पेन मिळालं की पहिला मोह होतो तो त्याला आंघोळ घालण्याचा. वाटीभर कोमट पाण्यात अख्खं पेन टाकायचं आणि शाई सुटायची वाट बघायची. सर्वांत जास्त पेनं इथेच वाया जातात. आधी ते कशाचं बनलंय ते बघा.

अंगठ्याने जोरात घासून लगेच हुंगा. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. ते बनवताना कापूर वापरतात. जळक्या रबरासारखा आला तर एबोनाइट, म्हणजे कडक केलेलं रबर. एबोनाइट पाण्यात, त्यातून गरम पाण्यात, राहिलं की काळ्याचं मातकट तपकिरी होतं. सेल्युलॉइडला नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका, ते विरघळतं. आणि ज्योतीजवळ तर नेऊच नका, भडकतं. कॉनवे स्ट्युअर्ट, बर्नहॅम अशा इंग्लिश कंपन्यांची बरीच रंगीत पेनं केसीनची, म्हणजे दुधातल्या प्रथिनाची. केसीन पाणी पिऊन फुगतं आणि सुकताना वाकतं किंवा तडकतं. अशा पेनाची फक्त निब बुडवा, धड कोरडं राहू द्या.

दुसरी चूक जोर लावण्याची. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या पेलिकन कंपनीने १९२९ मध्ये दट्ट्याचं, म्हणजे मागची गुंडी फिरवून शाई आत ओढणारं, पेन आणलं. त्या पहिल्या पेनांत दट्ट्याला बुचाचं (कॉर्कचं) सील असे. पुढे प्लास्टिकचं आलं; १९५० च्या '४००' या मॉडेलमध्येही तेच. वर्षानुवर्षं पडून राहिलं की दट्ट्या आत चिकटतो. मग मागची गुंडी पकडीने पिळली जाते, आणि ती तरी तुटते नाही तर धडाला चीर पडते. '४००' ची यंत्रणा आट्यांची नाही, दाबून बसवलेली आहे. ती पिळून निघायची नाही.

त्यापेक्षा पुढून शिरा. निबचं टोक रात्रभर साध्या, थंड पाण्यात ठेवा. सकाळी निब आणि तिच्याखालची शाई पुरवणारी जीभ एकत्र चिमटीत धरून डावीकडे फिरवा. अख्खा संच आट्यांवरून सुटतो. नुसती निब ओढायची नाही. मग ड्रॉपरने आत थोडं पाणी सोडा आणि थांबा, लागलं तर दोन दिवस. गुंडी केसभर हलली की पुढे-मागे करा. शेवटी टूथपिकच्या टोकावर कणभर सिलिकॉन ग्रीस घेऊन आतल्या भिंतीला फिरवा. खोबरेल, व्हॅसलीन, मशीनचं तेल नको. दट्ट्याच्या मागे शाई दिसू लागली तर सील गेलंय. ते काम जाणकाराकडे द्या.

निब लिहीत नाही म्हणून तिच्या फटीत ब्लेड घालणारे महाभाग आहेत. बहुतेकदा जिभेत वाळलेली शाई असते, भांड्याच्या साबणाच्या एका थेंबाने सुटते. आणि 'सीएन' छापलेली पोलादी निब दिसली म्हणून ती फेकून सोन्याची बसवू नका. युद्धकाळातल्या जर्मनीत सोन्यावर निर्बंध होते; त्या पेनाला तीच शोभते.

काही जुन्या पेनांत शाई रबरी पिशवीत भरतात. ती पिशवी बदलताना झटपट चिकटणारा गोंद वापरला तर पुढची दुरुस्ती अशक्यच. स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा लावा. पितळ घासायची पेस्ट क्लिपवरचा सोन्याचा मुलामा काढते, तिथे मऊ फडकं पुरे.

पहिली शाई भरायची ती साधी, धुतली जाणारी निळी. ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाई जिभेत एकदा वाळली की वरचं सगळं पहिल्यापासून करावं लागतं.