ओस्लो स्वस्तात करायला निघालात? मग निदान या चुका तरी टाळा

ओस्लोत राहतो म्हटल्यावर पाहुणे येणारच, आणि आलेला प्रत्येक पाहुणा मला सांगतो की अरे आम्ही सगळं यूट्यूबवर बघून आलोय, टेन्शन घेऊ नको. मग दुसऱ्या दिवशी फोन येतो. गेली सात-आठ वर्षं तेच फोन, त्याच चुका, फक्त आवाज वेगळा. म्हणून एकदाचं लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवून मोकळा होईन.

एक आधीच सांगतो, हे शहर स्वस्त होत नाही. कॉफीला पन्नासच्या आसपास क्रोनर, आणि एक क्रोनर म्हणजे साधारण आठ-नऊ रुपये, करा गुणाकार. किंवा नका करू, कारण दर घोटाला गुणाकार करणाऱ्या माणसाबरोबर फिरणं ही एक वेगळीच शिक्षा आहे. पण खरे पैसे कॉफीत जात नाहीत, ते घाईत जातात. तयारी न करता आलेला माणूस भूक लागली की, पाऊस आला की, उशीर झाला की समोर जे असेल ते घेतो, आणि इथे समोर जे असतं ते नेहमी सगळ्यात महाग असतं.

नावात ओस्लो आहे म्हणून ते ओस्लो नव्हे

माझा भाचा पोलंडमध्ये शिकतो. त्याला पंधरा युरोचं तिकीट मिळालं, घरच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकून झाला, माझ्या बहिणीने तर सोसायटीत सांगितलं. रात्री त्याचा मेसेज, "मामा उतरलो, पंधरा मिनिटांत घ्यायला ये." मी गाडीची किल्ली हातात घेऊन विचारलं, कुठे उतरलास? तर म्हणे टोर्प.

टोर्प हे सान्डेफ्योर्डचं विमानतळ. ओस्लोपासून शंभरावर किलोमीटर दक्षिणेला. स्वस्तातल्या तिकिटांवर त्याच्या मागे-पुढे ओस्लोचं नाव दिसतं आणि लोक तेवढंच वाचतात. म्हणजे मुंबईचं तिकीट काढून लोहगावला उतरायचं आणि दादरवाल्या मामाला म्हणायचं ये घ्यायला. बरं, तिथून ओस्लोला बस असते, ती विमानांच्या वेळा बघूनच सुटते, म्हणजे उतरलं की सरळ बसकडे चालायला लागायचं. आमचे साहेब आधी फुकटचं वायफाय जोडून रील टाकत बसले. बस गेली. मग स्टेशनपर्यंतची गाडी, मग ट्रेनची वाट, मग पावणेदोन तासांचा प्रवास, घरी आला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती आणि पंधरा युरोच्या तिकिटावर त्याच्या दुपटीहून जास्त पैसे फक्त शहरात पोचायला गेले होते. मामीने केलेला पुलाव गार झाला होता तो वेगळाच हिशोब.

टोर्पला उतरू नका असं मी म्हणत नाही. मी स्वतः उतरलोय. पण तिकीट काढताना बसचं भाडं त्यात मिळवून मग गार्डरमूएनच्या, म्हणजे ओस्लोच्या मुख्य विमानतळाच्या, तिकिटाशी तुलना करा, आणि रात्री उशिराचं विमान असेल तर विषयच सोडा.

आणि गार्डरमूएनला उतरलात तर दुसरा सापळा. तिथे खाली एकाच स्टेशनातून दोन प्रकारच्या ट्रेन शहरात जातात. एक एक्स्प्रेस, तिच्या पाट्या सगळीकडे, मशीन तुमच्या अगदी पायात येतं. दुसरी साधी, वी (Vy) या रेल्वे कंपनीची ट्रेन. भाडं जवळपास निम्मं, वेळ फार तर चार-पाच मिनिटं जास्त. चार जणांचं कुटुंब या चार मिनिटांसाठी जे पैसे देतं त्यात एका दिवसाचा किराणा येतो. अकरा-बारा तास प्रवास करून आलात ना, मग चार मिनिटांत काय आभाळ कोसळणार आहे?

गेट नाही म्हणजे फुकट नाही

मेट्रोला गेट नाही, ट्रामला कंडक्टर नाही, हे बघून आपल्यातल्या काही हुशार लोकांचे डोळे चमकतात. तपासनीस साध्या कपड्यातसुद्धा असतात, आणि दंड हजार क्रोनरच्या घरात. "ॲप उघडतच होतो" हे त्यांनी आपल्याआधी पुष्कळांकडून ऐकलंय. रुटरचं, म्हणजे इथल्या सार्वजनिक वाहतूक कंपनीचं, २४ तासांचं तिकीट काढा, झोन एकचं, शहरासाठी तेवढं पुरतं. त्यात मेट्रो, ट्राम, बस तर आहेच, पण बेटांवर जाणाऱ्या बोटीसुद्धा आहेत, आणि हे बहुतेकांना माहीतच नसतं. टाउन हॉलसमोरच्या धक्क्यावरून होवेडोयाला पाच-दहा मिनिटांत बोट जाते, तिथे ११४७ साली स्थापन झालेल्या मठाचे अवशेष आहेत, गवत आहे, पोहायला किनारा आहे. लोक त्याच धक्क्यावर शेकडो क्रोनरची फ्योर्ड क्रूझ घेतात आणि त्याच पाण्यातून फिरून येतात. उन्हाळ्यात माझी ठरलेली गोष्ट, डबा घेऊन संध्याकाळी बेटावर. जूनमध्ये साडेदहापर्यंत सूर्य असतो, घाई कसली.

रविवार आणि ईस्टर

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण हिच्यात माझी स्वतःची सुट्टी गेली.

मावसभाऊ, वहिनी आणि दोन मुलं. अपार्टमेंट घेतलं, स्वयंपाकघर असलेलं, म्हणजे बाहेर खायचा खर्च नाही, प्लॅन उत्तम. तारखा मात्र मला न विचारता काढल्या, कारण "तुम्ही नाहीच आहात ना तेव्हा". आम्ही नव्हतो याला कारण होतं. ईस्टरला अर्धं ओस्लो डोंगरातल्या लाकडी घरांत जातं, आम्हीही गेलो होतो. हे लोक गुरुवारी सकाळी पोचले. ईस्टरच्या आधीचा गुरुवार, इथे सुट्टी. शुक्रवार सुट्टी. शनिवारी दुकानं लवकर बंद. रविवार तर नेहमीच बंद. सोमवार परत सुट्टी. किवी, रेमा १००० ही सुपरमार्केटं, सगळ्यांना कुलूप. आणि सामानात काय, तर एक पाकीट बाकरवडी, कारण "तिथे जाऊन भाज्या घेऊच की".

मला फोन आला तेव्हा मी गुडघाभर बर्फात उभा, नेटवर्क येतंय जातंय. तोपर्यंत त्यांनी कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातून ब्रेड, दूध, चिप्स आणि गोठवलेला पिझ्झा असं काहीतरी अंगावर काटा येईल अशा किमतीला घेऊन झालं होतं. वहिनी शाकाहारी, त्यामुळे कियॉस्कवरचे सॉसेजसुद्धा बाद. मी ओरडून ओरडून एकच सांगितलं, ग्रोनलान्डला जा. पाकिस्तानी, सोमाली, तुर्की लोकांची वस्ती आणि दुकानं, स्टेशनच्या मागे चालत दहा मिनिटं. शंभर चौरस मीटरपेक्षा लहान किराणा दुकानांना सुट्टीच्या दिवशी उघडायची परवानगी असते, त्यातलं एक सापडलं. मसूर, तांदूळ, कांदे, कोथिंबीरसुद्धा. दुकानदाराशी हिंदीत गप्पा झाल्या, वहिनी खूश, मग मला वीस मिनिटांचा आभाराचा फोन, बर्फातच.

तेव्हापासून पाहुणे येणार असतील की मी शनिवारी दुपारी फोनला गजर लावतो, किराणा. आणि तुम्ही शनिवारी उतरत असाल तर बॅगा खोलीवर टाकायच्या आधी सुपरमार्केट. बिअर लागणाऱ्यांनी हेही ऐका, दुकानात शनिवारी ती संध्याकाळी सहापर्यंतच मिळते, इतर दिवशी आठपर्यंत, रविवारी नाहीच. आठ वाजून दोन मिनिटांनी गल्ल्यावर हुज्जत घालू नका, तिथे काही चालत नाही.

येताना घरून खाणं आणा, जरूर आणा, थेपले, चटण्या, मेतकूट, भडंग. पण तूप, पेढे, श्रीखंड, मांस नको. युरोपबाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, आणि आईच्या हातचं साजूक तूप कस्टममध्ये टाकून देताना रडलेला माणूस मी पाहिलाय.

बाकीच्या चुकांना एवढं लिहायची माझी ताकद नाही.

बाटलीबंद पाणी घेणं. नळाचं पाणी उत्तम आहे, तलावाचं. रिकामी बाटली आणा. घेतलीच तर फेकू नका, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकलं की दोन-तीन क्रोनर परत मिळतात.

कार्ड मशीनने "रुपयात भरायचं का" विचारलं की हो म्हणणं. नाही म्हणा. क्रोनरच. रोख पैसे बदलून आणायचीही गरज नाही, माझ्या पाकिटात नोट असून वर्ष झालं असेल.

दोन दिवसांत सगळी म्युझियमं उरकायला ओस्लो पास काढणं. दिवसाला तीन म्युझियमं खरंच बघणार असाल तरच परवडतो, आणि तिसऱ्यात मुलं बाकावर झोपतात. त्यापेक्षा फुकटची यादी बघा ना. विगेलानच्या बागेत दोनशेवर शिल्पं, दिवसरात्र उघडी. ऑपेराच्या छपरावर चालत वर जाता येतं. टाउन हॉलमध्ये, जिथे दर १० डिसेंबरला शांततेचं नोबेल देतात, आत जायला पैसे नाहीत. ऑपेराच्या शेजारीच २०२० साली उघडलेली डाइकमान लायब्ररी, उबदार, स्वच्छ टॉयलेट, नाहीतर स्टेशनात टॉयलेटलाही पैसे. व्हायकिंग जहाजांचं म्युझियम मात्र सप्टेंबर २०२२ मध्ये नव्या बांधकामासाठी बंद झालं, बिग्डॉयला तंगडतोड करायच्या आधी उघडलंय का ते बघा.

डिसेंबरात स्वस्त मिळतं म्हणून येणं. मिळतं स्वस्त, पण सव्वातीनला अंधार पडतो.

आणि रस्त्यावर हात दाखवून टॅक्सी. नाही. नाहीच.

मावसभाऊ परत येतोय, या वेळी आईवडिलांना घेऊन. काल तारखा पाठवल्या, विचारतोय, "आता तर ईस्टर नाहीये ना?" १५ ते १८ मे. १७ मे हा नॉर्वेचा राष्ट्रीय दिवस, सगळी दुकानं बंद आणि सगळं शहर रस्त्यावर. मिरवणूक बघायला फुकट आहे म्हणा. मी बायकोला सांगितलंय, मसूर जास्तीची आणून ठेव.