दोन-तीन कॅमेऱ्यांचा आवाज जुळवताना

नाटकाचा प्रयोग किंवा मैफल दोन-तीन कॅमेऱ्यांवर घेताय? मग प्रत्येक कॅमेऱ्याचा माइक चालूच ठेवा. शेवटी वापरायचा आवाज मिक्सरवरून येणार असला, तरी जुळवणीला कॅमेऱ्याचा तो खरखरीत आवाजच लागतो. सगळे कॅमेरे सुरू झाले की मंचावरून एक खणखणीत टाळी, आणि प्रयोग संपल्यावर, रेकॉर्डिंग बंद करण्याआधी, दुसरी.

प्रीमियर किंवा डाविंची रिझॉल्व्हसारखं एडिटिंगचं सॉफ्टवेअर वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, बघून क्लिप आपोआप जुळवतं. बहुतेकदा काम तिथेच संपतं. नाहीतर टाळीचा उभा सुळका शोधून हाताने सरकवा. एक मात्र बघा: आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या (चित्रांच्या) व्हिडिओत १४ मीटरला जवळपास एक फ्रेम. मागच्या रांगेतला कॅमेरा आवाजावरून जुळवला की त्यातले ओठ तेवढे आधी हलतात. लांबलचक मोठ्या सभागृहात हे डोळ्यांना खुपतं; क्लिप टाइमलाइनवर (एडिटिंगच्या पट्टीवर) फ्रेम-दोन फ्रेम उजवीकडे घ्या.

पहिली टाळी जुळली आणि शेवटची फाटली, तर आधी मोबाइलवर संशय घ्या. मोबाइल बऱ्याचदा बदलत्या फ्रेमरेटने चित्रण करतो. ती फाइल हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून बदलून घ्या, मगच टाइमलाइनवर टाका.