फझी लॉजिकने सॉफ्टवेअरचा आकार काढताना या चुका टाळा

फझी लॉजिक म्हणजे एखादी गोष्ट गटात ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच न म्हणता, ती किती बसते हे 0 ते 1 मध्ये सांगण्याची पद्धत. तिने काढलेला अंदाज फसला की बहुतेक जण सूत्राला दोष देतात. चूक सहसा त्याआधीच, ‘अतिलहान’ ते ‘अतिमोठं’ असे आकाराचे गट पाडताना झालेली असते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे सरळ भागाकाराने गट पाडणं. समजा, तुमचं सर्वांत लहान मॉड्यूल (सॉफ्टवेअरचा स्वतंत्र भाग) कोडच्या 400 ओळींचं आहे आणि सर्वांत मोठं 12,800 ओळींचं. पाच सारखे भाग केले तर पहिलाच गट 400 ते 2,880 होतो. निम्म्याहून जास्त मॉड्यूल्स त्यातच बसतात आणि ‘अतिलहान’ या शब्दाला अर्थच उरत नाही. म्हणून आधी ओळींच्या आकड्यांचा लॉग (लॉगरिदम) घ्या, मग पाच भाग करा. 400, 800, 1,600, 3,200, 6,400, 12,800 अशा सीमा मिळतील. ‘मध्यम’ म्हणजे साधारण 2,263 ओळी.

अंदाजासाठी वापरायची जुन्या कामांची नोंद भेसळीची नको. शिरोलीच्या फाउंड्रीचं सी शार्पमधलं स्टॉकचं काम आणि दूध संस्थेचं पीएचपीमधलं काम ओळी मोजून एकाच यादीत घालू नका. कॉमेंट आणि टूलने आपोआप बनवलेला कोडही वगळा.

ओळींऐवजी फंक्शन पॉइंट (सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला काय काय करून देतं, त्यावरून दिलेले गुण) वापरत असाल तर सीमेवरच्या उडीकडे बघा. दूध संस्थेच्या सभासद फाइलमध्ये दोन उपगट आणि 19 रकाने असतील तर आयएफपीयूजीच्या (फंक्शन पॉइंट मोजण्याचे नियम ठरवणारी संघटना) तक्त्याप्रमाणे ती ‘सोपी’ ठरते आणि तिला 7 गुण मिळतात. आधार क्रमांकाचा एक रकाना वाढला की ती ‘मध्यम’, थेट 10! फझी लॉजिक इथंच कामाला येतं. ‘सोपी’ची उतरण आणि ‘मध्यम’ची चढण 15 ते 25 रकान्यांमध्ये ठेवा. 19 रकान्यांना सदस्यत्व (गटात किती बसतं तो आकडा) ‘सोपी’चं 0.6 आणि ‘मध्यम’चं 0.4, म्हणून 0.6×7 + 0.4×10 = 8.2. 20 रकान्यांना 8.5. उतार 19 ते 20 एवढाच ठेवला तर जुनी उडी तशीच राहते.

0.6 म्हणजे ‘साठ टक्के शक्यता’ नव्हे, हे ग्राहकाला कोटेशन देताना विसरू नका. ती फाइल ‘सोपी’ गटात किती बसते, एवढंच तो आकडा सांगतो.

गुण काढताना शेवटी सदस्यत्वांच्या बेरजेने भागतात (वरच्या उदाहरणात ती 1 होती). शून्याने भागाकाराची एरर आली तर दोन गटांमध्ये फट आहे. तिथं ‘सोपी असेल तर 7 गुण’ यासारखा एकही नियम लागू होत नाही. उपगट दोनच ठेवून 1 ते 60 रकाने एकेक करून चालवा आणि आलेख काढा. रकाने वाढताना गुण कुठंही खाली आले, तर त्या जागचा नियम तपासा.