पहिल्या फायरिंगला जाताय? आधी आवाज ओळखायला शिका

एनसीसीत नवीन आलेली पोरंपोरी सारखी विचारायलेत की कॅम्पला फायरिंग आहे, नेम कसा धरायचा, श्वास कधी रोखायचा. ते स्टाफ (शिकवणारे फौजी) शिकवतातच हो. मी नांदेडकडच्या एका कॉलेजातून सी सर्टिफिकेट केलं आणि शेवटच्या वर्षी ज्युनियरच्या डिटेल (एका वेळी फायर करणाऱ्या तुकड्या) लावायचं काम माझ्याकडं होतं, तर माझं म्हणणं एवढंच की नेम चुकला तर मार्क जातात पण खराब राउंड (म्हणजे काडतूस) ओळखता आला नाही तर बोटं, डोळा जाऊ शकतो.

आपल्याला मिळते ती .22 डीलक्स रायफल, बोल्ट ॲक्शन (म्हणजे प्रत्येक राउंडला मागचा बोल्ट हातानं ओढून पुढं ढकलायचा), साधारण 2.8 किलो, फायर 25 यार्डावरून. स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटरला ब्राँझ आणलं ते पण .22 नंच, फक्त त्याची रायफल अन् आपली रायफल यात जमीन-अस्मानाचा फरक आहे ते सोडा. .22 च्या राउंडमध्ये पेटणारा मसाला खोक्याच्या (राउंडच्या धातूच्या नळकांड्याच्या) बुडाच्या कडेत असतो, मधोमध नाही, आणि तो कडेला सगळीकडं सारखा पसरलेला नसला की पिन लागूनही राउंड उडत नाही. म्हणून मोठ्या रायफलींपेक्षा .22 ला मिसफायर जास्त दिसतात, घाबरायचं काही नाही.

ट्रिगर दाबला, नुस्ता 'टक' आवाज आला तर लगेच बोल्ट ओढू नका. कधी कधी मसाला उशिरा पेटतो, त्याला हँगफायर म्हणतात, आणि तोवर तुम्ही बोल्ट उघडला असेल तर खोका तुमच्या तोंडापाशी फुटतो. रायफल टार्गेटकडंच ठेवायची, बोट ट्रिगरवरून काढायचं, किमान 30 सेकंद थांबायचं (काही रेंजवर पूर्ण मिनिट थांबवतात), हात वर करायचा. पुढचं स्टाफ बघतात.

खरा धोका दुसराच आहे, त्याला स्क्विब म्हणतात. दारू कमी पडलेली किंवा ओल लागलेली असली की राउंड धड उडत नाही, फुसक्या फटाक्यासारखा 'फुस्स' करतो, आणि शिसं, म्हणजे पुढची गोळी, नळीतच अडकून बसतं. आता त्याच्यामागं दुसरा राउंड मारला तर नळी फुगते नाहीतर फाटते. ऑटोमॅटिक हत्यार असलं तर कमी जोरामुळं बहुतेक वेळा आपोआप अडकतं, तेवढीच खबर मिळते. आपल्या बोल्ट ॲक्शनला तसं काही नाही, हातानं बोल्ट मारला की पुढचा राउंड गुमान आत जातो. त्यात .22 चा धक्का मुळातच एवढासा, नवीन पोराला कमी बसला का नेहमीचा बसला कळतच नाही, शेजारी सगळी लाइन फायर करायलेली, मागून कोणीतरी 'जल्दी करो' ओरडायलंय, आणि पोरगं पाच राउंड संपवायच्या घाईत.

म्हणून पहिल्या एक-दोन राउंडला ग्रुपिंगपेक्षा (गोळ्या एकमेकींजवळ पाडण्यापेक्षा) आवाज आणि खांद्यावरचा धक्का नीट लक्षात ठेवा. नंतर आवाज बारीक आला, धक्का जाणवलाच नाही, बोल्टाकडून धूर आला, बोल्ट उघडल्यावर न जळलेले दारूचे दाणे दिसले, यातलं एक जरी झालं तरी थांबा. टार्गेटवर भोक दिसलं नाही तर 'मिस गेला असेल' म्हणून सोडून देऊ नका, विशेषतः आवाजाचा पण संशय असेल तर. नळी स्टाफ मागून, बोल्ट काढून, रॉड घालून तपासतात. पुढून डोळा लावून बघायचं नाही, कधीच नाही.

भरतानाच निम्मं काम होतं खरं तर. खोक्यावर हिरवट थर, चेप, चीर, किंवा शिसं बोटानं हलायलंय असं दिसलं तर तो राउंड बाजूला. बोल्ट बसत नसेल तर तळहातानं ठोकू नका, कड दाबली गेली तर बोल्ट अर्धवट असतानाच राउंड उडू शकतो. चेंबरला (नळीत राउंड बसतो त्या जागेला) तेल माखून ठेवू नका, ते मसाल्यात झिरपतं. पुलथ्रूला (नळी साफ करायच्या दोरीला) कोरडी चिंदी लावून एकदा काढली की झालं.

आणि राउंड आठवण म्हणून खिशात टाकायचा नाही, खराब असला तरी नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याखाली लायसन्सशिवाय जिवंत राउंड जवळ ठेवणं गुन्हा आहे, पोलीस भरतीची तयारी करायले असाल तर आधीच विचार करा. रिकामे खोकेसुद्धा मोजून जमा होतात, एक कमी पडला तर सगळ्या डिटेलला उन्हात गवत चाळायला लावतात.

ज्यांच्या घरी रानडुकरांसाठी आजोबांची बारा बोर आहे त्यांनी अजून एक बघा. जुनी कागदी काडतुसं पावसाळ्यात ओल धरून फुगतात, ती जबरदस्तीनं बसवू नका. आणि 20 बोरचं काडतूस 12 च्या नळीत घसरून पुढं अडकतं, मागून नळी रिकामी वाटते, त्यावर 12 चं भरून चाप ओढला की नळी फुटते. याच्यासाठीच 20 बोरची काडतुसं पिवळ्या रंगाची ठेवलेली असतात. एका डब्यात दोन्ही दिसली तर आधी वेगळी करा, मग बंदुकीला हात लावा.