शून्य ते शंभर विसरा: ट्यून केलेली गाडी आणि सुपरकार यांची तुलना शिकताना

कॅलिब्रेशनच्या, म्हणजे इंजिनच्या संगणकातले आकडे जुळवण्याच्या, कामात नवीन आलेल्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, फुल बिल्ड केलेली जीटीआर लॅम्बोला खाते का?" म्हणजे पूर्ण बदल केलेली निसान जीटीआर लॅम्बोर्गिनीला मागे टाकते का? खाते. बऱ्याचदा खाते. पण या उत्तराचा कुणाला काही उपयोग नाही. किती अंतरात खाते, कुठल्या टायरवर, किती तापमानात आणि कितव्या फेरीला, हे विचारायला लागलात की समजा कामाला सुरुवात झाली.

मी पुण्यात गाड्यांच्या परफॉर्मन्स चाचण्या आणि इंजिन कॅलिब्रेशनचं काम करतो. मेकॅनिकल, ऑटोमोबाइल किंवा इन्स्ट्रुमेंटेशन करून या लायनीत यायचं मनात असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. चहाच्या टपरीवर वाद घालणं हे तुमचं काम नाही. दोन गाड्यांचे आकडे शेजारी ठेवण्यालायक आहेत की नाहीत, ते ठरवणं हे तुमचं काम.

सुरुवात 0 ते 100 पासून करू, कारण यूट्यूबवर तोच आकडा मिरवतात. एखादी गाडी 2.9 सेकंदात शंभर गाठते म्हणजे काय? 27.78 मीटर प्रति सेकंद भागिले 2.9. उत्तर साधारण 9.6, म्हणजे जवळजवळ एक जी (गुरुत्वाकर्षणाइतकं त्वरण). रस्त्यावरचा टायर कोरड्या डांबराला धरून एवढंच, फार तर थोडं जास्त देऊ शकतो. त्यामुळे या टप्प्यात हिशेब पॉवरचा नसून पकडीचा असतो. 600 पीएसची (पीएस म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर) जीटीआर 900 ची केली, तरी टायर तेच असतील तर 0 ते 100 मध्ये फारसा फरक पडत नाही. उलट चाकं फिरली तर वेळ वाढतो. पोरं डायनोचा (पॉवर मोजायच्या यंत्राचा) कागद नाचवत येतात आणि लाँचला, म्हणजे सुटताना, गाडी जागेवर धूर काढते, ते याच कारणाने.

त्यात मोजायच्या पद्धतीचा घोळ आहेच. अमेरिकन मासिकांत पहिल्या एका फुटाचा वेळ धरत नाहीत. ड्रॅग स्ट्रिपवर गाडी किरणाच्या मागे उभी राहते, तिथून आलेली ही रीत. तेवढ्याने दोन-तीन दशांश सेकंद वाचतात. म्हणजे एका गाडीचा आकडा अमेरिकन मासिकातला आणि दुसरीचा आपल्या धावपट्टीवरचा घेतला, तर तुलना तिथेच संपली.

म्हणून मी 100 ते 200 बघतो. या टप्प्यात टायर सावरलेले असतात, लाँच कंट्रोलची (सुटताना चाकं फिरू न देणाऱ्या यंत्रणेची) जादू ओसरलेली असते आणि पॉवर-टू-वेट, म्हणजे वजनाच्या मानाने पॉवर, उघडं पडतं. इथेही उतार तपासायचा. 8 सेकंदांत होणाऱ्या कामाला रस्ता फक्त एक टक्का उताराचा मिळाला, तर तेच काम सुमारे 7.8 सेकंदांत उरकतं. लाखभर रुपयांचे पार्ट बसवून जेवढा फरक पडेल, तेवढा हा उतार फुकटात देतो. त्यामुळे दोन्ही दिशांनी पळवा आणि सरासरी घ्या.

क्वार्टर माइलच्या, म्हणजे पाव मैलाच्या ड्रॅग धावेच्या, पावतीवर दोन आकडे असतात, वेळ आणि शेवटचा वेग. वेळेत लाँचचा वाटा मोठा असतो. शेवटचा वेग, ज्याला सगळे ट्रॅप स्पीड म्हणतात, तो पॉवरबद्दल फारसा खोटं बोलत नाही. अमेरिकेत एक जुना ठोकताळा वापरतात: वेग मैलांत घ्या, 234 ने भागा, घन करा आणि पौंडातल्या वजनाने गुणा. ड्रायव्हरसकट 1,800 किलोची गाडी ताशी 200 किलोमीटरच्या वेगाने रेषा ओलांडत असेल, तर उत्तर 595 हॉर्सपॉवरच्या आसपास येतं. मालक 800 सांगत असेल तर वाद घालू नका, फक्त ही आकडेमोड कागदावर करून दाखवा. चेहरा बघण्यासारखा होतो.

हे शिकायला आपल्याकडची सगळ्यात चांगली जागा म्हणजे लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर भरलेली व्हॅली रन ही ड्रॅग शर्यत. रिमॅप केलेली (इंजिनच्या संगणकातला मॅप, म्हणजे आकड्यांची कोष्टकं, बदललेली) पोलो, डीएसजीवाली (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची) ऑक्टाव्हिया, मित्सुबिशी इव्हो, पोर्शे 911 टर्बो आणि लॅम्बोर्गिनी ह्युराकान हे सगळे एकाच दिवशी, एकाच पट्टीवर आणि एकाच घड्याळावर, असा योग एरवी येत नाही. तिथे गेलात तर गाड्यांचे फोटो नंतर काढा. आधी वही काढून हवेचं तापमान, टायरची मेक आणि गाडी दिवसातून कितव्यांदा पळते आहे, ते लिहा.

उंचीचा मुद्दा आपल्या भागात फार महत्त्वाचा आहे, आणि परदेशी व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांच्या तो डोक्यातच नसतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटरवर आहे. इथली हवा मुंबईपेक्षा अंदाजे पाच टक्क्यांनी विरळ. ह्युराकानच्या 5.2 लिटर व्ही10 ला टर्बो नाही, त्यामुळे हवा जेवढी विरळ तेवढी तिची ताकद कमी. 640 पीएसमधले तीसेक पीएस घाटावरच गळतात. टर्बो गाडी मात्र टर्बो थोडा जास्त फिरवून ती तूट भरून काढते. म्हणजे तीच जोडी घाटमाथ्यावर पळवली तर निकाल एक, आणि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर दुसरा लागू शकतो. डायनोचा कागद वाचताना त्यावर कुठलं करेक्शन (हवेच्या फरकाची दुरुस्ती) लावलंय, तेही याच कारणासाठी बघायचं. टर्बो इंजिनला पूर्ण करेक्शन लावून पॉवर फुगवणारे महाभाग सगळीकडे आहेत.

आता ट्यून केलेल्या गाड्या जिंकतात कशा? कारखान्याने हातचं राखून ठेवलेलं असतं म्हणून. जपानी कंपन्यांनी आपसात 280 पीएसची मर्यादा पाळली, त्या काळात निसानचं आरबी26 आणि टोयोटाचं 2जेझेड ही लोखंडी ब्लॉकची सहा सिलिंडर इंजिनं बाहेर आली. कागदावर 280 आणि ब्लॉकमध्ये त्याच्या कितीतरी पट सोसायची ताकद. 2007 च्या शेवटी आलेल्या आर35 जीटीआरचं 3.8 लिटर ट्विन टर्बो इंजिन 480 पीएसवर सुरू झालं. तिथून ते किती वर गेलं, हे सांगायला नको. 2016 च्या डिसेंबरमध्ये ती भारतात आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत दोन कोटींच्या जराशी आत होती. तेवढ्यात मिळणारी ओढ आणि त्याहून बरीच महाग इटालियन गाडी यांची तुलना तेव्हापासून सुरू आहे.

पण राखून ठेवलेलं सगळीकडे सारखं नसतं. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस 230 घ्या. 230 पीएस, 350 न्यूटन-मीटर. स्टेज 1 चा, म्हणजे पार्ट न बदलता टाकायचा, मॅप टाकला की टॉर्क सहज 400 च्या पुढे जातो आणि मालक खूश. मात्र तिच्या सहा गिअरच्या डीएसजीची, डीक्यू250 ची, कारखान्याने ठरवलेली टॉर्क-मर्यादाच 350 आहे. मग गिअरबॉक्सचाही मॅप बदलावा लागतो, क्लचचा दाब वाढवावा लागतो. इंजिन सोसतं म्हणून पुढचं सगळं सोसेलच असं नाही. नव्या मुलाने आधी हीच साखळी पाठ करावी: इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट, टायर, ब्रेक, कूलिंग. सगळ्यात कमकुवत कडी शोधायची आणि गाडीची खरी पॉवर तेवढीच समजायची.

1987 सालचं एक उदाहरण मी प्रत्येक नव्या बॅचला सांगतो. रोड अँड ट्रॅक मासिकाने जर्मनीतल्या एरा-लेसीनच्या ट्रॅकवर त्या काळच्या सर्वांत वेगवान गाड्या जमवल्या होत्या. पोर्शे 959, फेरारी, लॅम्बोर्गिनी, सगळा बडा गोतावळा. जिंकली ती 911 च्या सांगाड्यावर बांधलेली, पिवळ्या रंगाची रूफ सीटीआर. 3.4 लिटर, 469 पीएस, वजन जेमतेम 1,150 किलो आणि वेग ताशी 339 किलोमीटर. ती बनवणाऱ्या अलोइस रूफ यांची हुशारी फक्त टर्बो मोठे करण्यात नव्हती. त्यांनी 911 टर्बोची रुंद बॉडी घेतलीच नाही. कॅरेराची अरुंद बॉडी घेतली आणि छताच्या कडेच्या पन्हळीसुद्धा काढून टाकल्या. हवेला कापायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाने वाढते. 300 वरून 330 ला जायचं तर एक तृतीयांश जास्त पॉवर लागते, किंवा मग हवेशी कमी भांडावं लागतं. रूफनी दोन्ही केलं. (जर्मनीत रूफला गाड्यांचा निर्माता म्हणून मान्यता आहे, त्यामुळे तिला ट्यून केलेली गाडी म्हणायचं का, यावर शुद्धतावादी लोक अजून भांडतात. भांडू द्या.)

वेगाच्या दाव्यांवर विश्वास ठेवण्याआधी आणखी दोन प्रकरणं माहीत असू द्या. हेनेसी व्हेनम जीटी लोटस एक्सीजच्या पायावर उभी आहे. 2014 च्या फेब्रुवारीत केनेडी स्पेस सेंटरच्या धावपट्टीवर ती ताशी 435 किलोमीटरपर्यंत गेली. पण एकाच दिशेने. वारा आणि उतार वजा करायला दुसरी दिशा लागते, ती नव्हती, म्हणून तो आकडा विक्रमात धरला गेला नाही. दुसरं प्रकरण एसएससी टुआटाराचं. 2020 मध्ये कंपनीने 500 च्या पुढचा दावा केला. लोकांनी व्हिडिओतल्या खुणांमधलं अंतर, वेळ आणि गिअर रेशो ताडून पाहिले, तर हिशेब जुळेना. शेवटी कंपनीला कबूल करावं लागलं की तेवढा वेग गाठलाच नव्हता. व्हिडिओची छाननी करणाऱ्यांनी वापरलेलं गणित अकरावीच्या पुस्तकातलंच होतं. तुम्हालाही तेच येत असतं, फक्त वापरायची सवय नसते.

मग सुपरकारचे पैसे जातात कुठे? लग्नातल्या आचाऱ्याची पारख पहिल्या पंगतीवरून होत नाही, शेवटच्या पंगतीलाही वरण गरम आहे का ते बघावं लागतं. बुगाटी व्हेरॉनने 1,001 पीएस दिले, पण ते निभावण्यासाठी दहा रेडिएटर बसवले. ह्युराकान परफॉर्मांतेने 2016 मध्ये जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग सर्किटवर 6 मिनिटं 52 सेकंदांत फेरी मारली. 887 पीएसच्या पोर्शे 918 ला 2013 मध्ये 6:57 लागले होते. म्हणजे अडीचशे पीएस कमी असूनही पाच सेकंद पुढे. हलवता येणारे पंख, हलकं वजन आणि ट्रॅकसाठीचे टायर यांची ती कमाई होती. 918 चे टायर वेगळ्या जातीचे होते, ही तळटीप मनात ठेवायचीच.

हा फरक लॉगमध्ये, म्हणजे गाडीतल्या सेन्सरच्या नोंदींमध्ये, कसा दिसतो ते जवळून बघा. ट्यून केलेल्या टर्बो गाडीचा तिसऱ्या-चौथ्या गिअरमधला पहिला पुल (पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून मारलेली धाव) घ्या. इनटेक हवेचं तापमान चाळीस अंशांच्या घरात, इग्निशन टायमिंग मॅपमध्ये मागितलं तेवढंच, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) मागितला तेवढाच मिळतोय, नॉक (इंधनाचं अवेळी पेटणं) शून्य. छान. लगेच मागून दुसरा, तिसरा, चौथा पुल. बूस्टची रेघ तशीच सपाट दिसते, म्हणून मालक म्हणतो गाडी ठणठणीत आहे. पण खालच्या ओळीत इंटरकूलर तापलेला, इनटेक साठीच्या पुढे, आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) एकेका सिलिंडरचं टायमिंग दोन-तीन अंशांनी मागे ओढतोय. कानाला काही कळत नाही, पाठीला किंचित कळतं, घड्याळाला स्पष्ट कळतं. चांगल्या सुपरकारमध्ये हीच ओळ कितीतरी फेऱ्या जवळजवळ सरळ राहते. आणि चांगल्या ट्यूनरच्या गाडीतही राहते, हे सांगायलाच हवं. फक्त त्याने टर्बोच्या आधी इंटरकूलर आणि ऑइल कूलरवर खर्च केलेला असतो. अशा ट्यूनरकडे शिकायला मिळालं तर पगार थोडा कमी असला तरी जा.

शिकायचं काय? कॉलेजात असाल तर बाहा किंवा सुप्रा एसएईच्या, नाहीतर फॉर्म्युला भारतच्या, म्हणजे विद्यार्थ्यांनी गाडी बांधायच्या स्पर्धांच्या, टीममध्ये शिरा. ड्रायव्हर व्हायला सगळेच धडपडतात. तुम्ही डेटा अ‍ॅक्विझिशन (सेन्सरच्या नोंदी गोळा करायचं काम) मागून घ्या, तिथे गर्दी नसते. मॅटलॅब किंवा पायथनमध्ये एक लॉग उघडून 100 ते 200 चा वेळ स्वतः काढता यायला हवा. खिशाला परवडणारं ड्रॅगीसारखं जीपीएस यंत्र सुरुवातीला पुरतं. पुढे व्हीबॉक्स या जास्त अचूक यंत्रावर हात बसवा, आणि सेकंदाला 10 नोंदी व 100 नोंदी यांतला फरक एकाच पुलवर दोन्ही लावून बघा. कंपनीत शिरलात की ईटास इंका किंवा व्हेक्टर कॅनपे या कॅलिब्रेशनच्या सॉफ्टवेअरशी गाठ पडते. ते कॉलेजात शिकवत नाहीत, त्याची भीती बाळगू नका. पुण्यातली एआरएआय ही वाहन-चाचणी संस्था आणि पीथमपूरचा नॅट्रॅक्स हे चाचणी केंद्र ही नावं सतत कानावर येतील. नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक 2021 मध्ये सुरू झाला. त्याआधी असल्या वेगाच्या चाचण्यांसाठी परदेशाची वाट धरावी लागायची.

गॅरेजच्या बाजूने येणार असाल तर कायदा वाचा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळे फेरफार करायला मनाई करतं, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडक शब्दांत सांगितलं आहे. वॉरंटीचंही तसंच. फोक्सवॅगन समूहाच्या गाडीत बदललेला मॅप सापडला की त्यांच्या यंत्रणेत टीडी1 असा शेरा पडतो, आणि नंतर मूळ मॅप परत टाकला तरी तो जात नाही. ग्राहकाला हे आधी सांगायचं, पैसे घेतल्यावर नाही. आणि सार्वजनिक रस्त्यावर पुल मारणाऱ्याला आमच्याकडे कुणी उभं करत नाही, मग तो एक्स्प्रेस वे पहाटे चारला कितीही रिकामा असो.

मुलाखतीत मी सर्किटवरचे दोन लॉग पुढे ठेवतो, नावं खोडून. एक ट्यून केलेल्या गाडीचा, एक सुपरकारचा. ओळखा म्हणतो. बहुतेक जण सर्वांत मोठ्या वेगाचा आकडा शोधतात आणि घाईने उत्तर देतात. काही जण इनटेक तापमानाची ओळ बघतात, ते बरे. ब्रेकिंगच्या सुरुवातीची जागा फेरीगणिक किती सरकते आहे, हे जे बघतात, त्यांना मी पुढचा प्रश्न विचारतो: टायर कुठले होते? लॉगमध्ये ते लिहिलेलंच नसतं. "माहिती नाही, विचारावं लागेल," असं जो म्हणतो, त्याला दुसऱ्या फेरीला बोलावतो.