स्वतःचा अनुभव लिहिताना या चुका टाळा

आपल्या डोळ्यांदेखत झालेला अन्याय लिहून काढायला बसलं, की पहिल्या पानावर 'शोषण', 'विषमता', 'व्यवस्था' असे शब्द जमतात आणि प्रसंग हरवतो. माझ्याकडे वाचायला येणाऱ्या खर्ड्यांत हीच चूक सर्वांत जास्त दिसते. 'आमच्या वस्तीची उपेक्षा झाली' हे वाक्य खोडा. नळाला पाणी किती वाजता यायचं, रांगेत कोण उभं राहायचं, त्या पायी कोणाची शाळा बुडायची, ते लिहा.

पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. मांग-महारांचं दुःख सांगताना ती लिहिते, की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परही नसतं. थंडी, पाऊस, वारा सोसावा लागतो. एवढं वाचल्यावर आणखी काय पटवून द्यायचं राहतं?

दुसरी चूक पकडायला अवघड, कारण ती आपल्याला सोयीची असते. आपल्या माणसांचा आणि आपला स्वतःचा दोष आपण गाळतो. मुक्ताने तो गाळला नाही. अत्याचार करणाऱ्यांना तिने जाब विचारलाच, पण महारही मांगांच्या सावलीचा विटाळ धरतात हेही लिहिलं.

आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा असायचा. त्यावर लिहिताना पहिल्या खर्ड्यात मी 'आई कप वेगळा ठेवायची' असं लिहिलं होतं. खरं तर चहा झाल्यावर तो विसळून खिडकीत नेऊन ठेवायचे मी. कोणी सांगावंही लागत नव्हतं. ते वाक्य बदलायला मला दोन महिने लागले. बदललं, तेव्हा कुठे लेख खरा झाला.

शेवटी 'चला, आपण सारे मिळून' असा परिच्छेद आला असेल तर तो काढून टाका. मुक्तानेही शेवटी हाक दिली, पण ती मांग-महारांना, ज्ञानरूपी औषध घ्या म्हणून. आपण कोणाशी बोलतोय हे तिला नेमकं माहीत होतं.

आणि दुसऱ्याचं आयुष्य परवानगीशिवाय छापू नका. नुसतं नाव बदलून भागत नाही, गल्लीतली माणसं ओळखतातच. मावशींचा पगार आणि त्यांच्या घरातली भांडणं मी काढून टाकली, उरलेलं त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली: कपाला कान नव्हता, तेही लिही.