संस्थेच्या पोस्ट आमच्याच वाटत नव्हत्या, मग असं केलं

आमची संस्था छोटी, गोव्यात चोडणच्या बाजूला खाजन शेती (खाडीकाठची, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली) आणि तिचे बांध वाचवायचं काम करते, पण फेसबुकवर आमचं लिखाण वाचलं तर कुठल्याही ट्रस्टचं वाटायचं. 'शाश्वत विकास', 'लोकसहभाग', 'सक्षमीकरण', सगळं होतं, फक्त मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं फळीचं दार, कुठेच नव्हती.

मग मी लिहायचं बंदच केलं आणि बांधावर जाऊन मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं (अर्थात आधी विचारून). तिथले एक काका सांगत होते की भरती आली की पाण्याच्या दाबाने मानशीची फळी आपोआप बंद होते, ओहोटीला आतलं पाणी ढकलून ती उघडतं, पण फळी कुजली की खारं पाणी सरळ शेतात, आणि खेकड्याने बांधाला बीळ पाडलं तर ते आजच बुजवायचं, उद्या तिथून बांध फुटतो. हे जवळपास जसंच्या तसं टाकलं, फक्त रिपीट झालेलं काढलं. खाली कमेंटमध्ये लोक आपल्या गावच्या मानशीबद्दल लिहायला लागले, कधी नव्हे ते!

आता पोस्ट टाकायच्या आधी बांधावरच्याच कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवते. 'असं कोण बोलतं गे?' म्हणाले की ते वाक्य उडवायचं. फंडिंगवाल्यांच्या रिपोर्टची भाषा वेगळी ठेवलीय, तिथे आकडे आणि खर्चाचा हिशेब लागतोच, पण सुरुवात तिथेही फळीपासूनच करते. कमिटीतल्या एकांना ते अजून पटलेलं नाही.